ॲव्हलांचचा पुढचा कोर्स करावा, की तेवढे दिवस डोंगरातच घालवावेत?

पांढरी_वाट
मंडळी, बॅककंट्री (रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरातल्या) स्कीइंगवाल्यांसाठी आणि स्प्लिटबोर्डवाल्यांसाठी (चढताना दोन भागांत सुटणारा स्नोबोर्ड) हा धागा.

ॲव्हलांचचा, म्हणजे हिमस्खलनाचा, पहिल्या पातळीचा कोर्स (लेव्हल १) झालाय. बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं हाताला सरावलंय. सकाळी बुलेटिन (ॲव्हलांचच्या धोक्याचा रोजचा अंदाज, १ ते ५ पातळ्यांत) वाचल्याशिवाय आम्ही निघत नाही आणि ३० अंशांच्या वरचा उतार दिसला की थांबून बोलतो. आता पुढे काय, यावरून ग्रुपात दोन तट पडलेत. एक म्हणतो लेव्हल २ करू, म्हणजे दरवेळी बुलेटिनच्या तोंडाकडे बघायला नको. दुसरा म्हणतो ते दिवस वर्गात आणि बर्फाचे थर तपासायच्या खड्ड्यात घालवण्यापेक्षा एखाद्या जाणत्या माणसाबरोबर फिरावं. वर त्याचं असंही म्हणणं की जास्त शिकलेलेच जास्त धाडस करतात आणि अडकतात.

ज्यांनी पुढचा कोर्स केलाय त्यांनी सांगा, नेमकं काय बदलतं? माहितीपत्रकात लिहिलेलं नको, ते वाचून झालंय.

डोंगरकाका
करा. पण आधी नावांचा घोळ समजून घ्या, नाहीतर जुन्या धाग्यांवर विसंबून भलत्याच वर्गात जाऊन बसाल. अमेरिकेत २०१७-१८ च्या मोसमापासून दोन वाटा वेगळ्या झाल्या, हौशी लोकांची एक आणि व्यावसायिकांची (गाइड, पेट्रोलर वगैरे) दुसरी. त्याआधीच्या 'लेव्हल २'मध्ये दोघंही एकत्र असत, म्हणून जुन्या लोकांच्या वर्णनात बर्फाच्या नोंदी ठेवण्याचा मारा फार दिसतो. आताची हौशी लेव्हल २ साधारण तीन दिवसांची असते. एआयएआरईकडे (अमेरिकेतली ॲव्हलांच शिकवणारी संस्था) तिच्याआधी लेव्हल १ आणि एक दिवसाचा रेस्क्यू कोर्स (गाडलेल्याला शोधून काढायचा) झालेला लागतो. कॅनडात याच जागी एएसटी २ (ॲव्हलांच स्किल्स ट्रेनिंग) आहे.

बदलतं काय, तर पहिल्या कोर्सात धोक्याची पातळी तुम्हाला कोणीतरी सांगतं आणि तुम्ही ती पाळता. दुसऱ्यात तुम्ही स्वतः विचारायला शिकता की आज कुठल्या प्रकारचं ॲव्हलांच, कुठल्या दिशेच्या उतारावर, किती उंचीवर, किती मोठं. आणि ग्रुप हाकायला शिकता. हे शेवटचं कोणी सांगत नाही, पण निम्मा कोर्स त्यावरच असतो.

पावडरपिसाट
आमच्यात कोर्स झालेल्या माणसाला मिळणारे अधिकार: सगळ्यांच्या बीकनच्या बॅटऱ्या तपासणे, सगळ्यांना परत फिरवणे आणि सगळ्यांच्या शिव्या खाणे. मानधन नाही. (हलके घ्या.)

आकडेमोड
"जास्त शिकलेले जास्त अडकतात" हे निव्वळ पारावरचं बोलणं नाही. इयन मॅककॅमन यांनी १९७२ ते २००३ मधले अमेरिकेतले ७१५ हौशी अपघात तपासले होते. मुद्दा असा की बहुतेक ठिकाणी धोक्याच्या खुणा उघड दिसत होत्या, तरी लोक गेले. का गेले, यासाठी त्यांनी काही सापळे दाखवले: ओळखीचा उतार, इतरांवर छाप पाडायची हौस, ठरलेला बेत तडीस न्यायचा हट्ट, 'त्याला कळतं ना' म्हणून एकावर टाकलेला भरवसा, ताज्या बर्फावर पहिली रेघ ओढायची घाई आणि दुसरे गेलेत म्हणून आपणही जाणं.

त्यातलं बोचरं निरीक्षण असं की ओळखीच्या उताराचा परिणाम सगळ्यात ठळक दिसला तो जास्त शिकलेल्या गटांत. अनोळखी जागी ते सावध होते. नेहमीच्या जागी मात्र जवळपास न शिकलेल्यांइतकाच धोका पत्करत होते.

शंकासुर
मग झालं तर! कोर्सचे पैसे वाचले. न शिकताच तेवढा धोका पत्करता येतो.

आकडेमोड
@शंकासुर, घाई नको. ही सगळी माहिती अपघात झालेल्या गटांची आहे. जे शिकले आणि सकाळीच बेत बदलून सुखरूप घरी आले, त्यांची नोंद कुठल्याच वहीत नसते. त्यामुळे शिकून उपयोग होतो का, याचं उत्तर त्यातून निघत नाही. निघतं एवढंच की बर्फाचं ज्ञान वाढलं म्हणून ओळखीच्या उतारावरची बेफिकिरी आपोआप जात नाही.

अनवट
दुसऱ्या तटाच्या "जाणत्या माणसाबरोबर फिरा" यावर माझा आक्षेप आहे. फिरा जरूर, पण जाणता म्हणजे कोण? गणित चुकलं तर मास्तर लाल शाईने खोडतात. उतार खोडत नाही. चुकीच्या दिवशी चुकीच्या उतारावरून गेलात तरी बहुतेक वेळा तो सुटत नाही, आणि तुम्ही खाली येऊन म्हणता, बघा, अंदाज बरोबर होता. असं वर्षानुवर्षं चाललं की माणूस 'अनुभवी' होतो. त्यातला किती अनुभव आणि किती नशीब, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही.

त्यातून तुम्ही पातळ आणि थंड बर्फाच्या प्रदेशात जात असाल, कोलोरॅडोसारख्या, तर हे आणखी महागात पडतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडतो, मग निरभ्र थंड रात्री लागतात. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास, वर कडाक्याची थंडी. दर १० सेंटीमीटरला १ अंशाहून जास्त फरक पडला की आतले कण एकमेकांना धरून ठेवणं सोडतात आणि टोकदार, सुटे दाणे बनतात. तळाशी तयार झालेला हा थर, म्हणजे डेप्थ होअर, त्यावर नंतर कितीही बर्फ पडला तरी आठवडेच्या आठवडे, कधी मोसमभर कमकुवत राहतो. वादळानंतरचा ताजा बर्फ एक-दोन दिवसांत बराचसा बसतो, ही सवय घेऊन अशा बर्फावर गेलात तर पंचाईत. वर सगळं शांत, कुठे भेग नाही, पायाखाली 'हुंप' असा आवाज नाही, आणि एखाद्या खडकाजवळच्या पातळ जागी पाय पडला की अख्खा उतार सुटतो. कधी तर तुम्ही उताराच्या खाली सपाटीवर असता आणि तो वरून सुटतो.

लेव्हल २ मधून मला मिळालेली खरी गोष्ट हीच. आज अडचण कुठल्या प्रकारची आहे, हे आधी ठरवायचं. वाऱ्याने आणून टाकलेली स्लॅब (एकसंध घट्ट थर) असेल तर ती शोधता येते आणि टाळता येते. खोल दबलेला जुना थर असेल तर हुशारी चालत नाही, सौम्य उतार धरायचा आणि मोसम संपेपर्यंत तसंच वागायचं.

रानभूल
+१. वाचनखूण साठवली.

फळीवाला
स्नोबोर्डवाल्यांकडून दोन शब्द, कारण कोर्समध्ये आम्ही नेहमी दोन-तीनच असतो आणि सगळी उदाहरणं स्कीची.

स्कीची बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारी पकड, जोर आला तर सुटू शकते (चढताना टेक, म्हणजे पिनांची, बाइंडिंग लॉक केली असेल तर तीही सुटेलच असं नाही). आमची सुटत नाही. वाहत्या बर्फात बोर्ड पायाला तसाच राहतो आणि खाली ओढतो. म्हणजे 'सुटलं तर पोहून बाहेर येऊ' हा विचार आमच्यासाठी आणखीच पोकळ. दुसरं म्हणजे जागा बदलायचा वेळ. स्प्लिटबोर्ड जोडायला-सोडायला वेळ लागतो, मग माणूस जिथे सपाट दिसेल तिथे बसतो, आणि ती सपाट जागा नेमकी मोठ्या उताराच्या रनआउटमध्ये, म्हणजे सुटलेला बर्फ येऊन थांबतो तिथे, असते. तिसरं, लांब आडवे ट्रॅव्हर्स आम्हाला जड जातात, त्यामुळे वाट आखतानाच आम्ही वेगळी आखायला हवी. आमच्या प्रशिक्षकांनी हे मनावर घेतलं आणि एक अख्खी दुपार 'बोर्ड कुठे जोडायचा' यावर घालवली. पैसे तिथेच वसूल झाले.

पावडरपिसाट
@फळीवाला, तुम्ही बोर्ड जोडेपर्यंत आमचा चहा होतो, हे मात्र खरं.

फळीवाला
आणि खालच्या सपाटीवर आम्ही चालत असताना तुम्ही जे दात काढता तेही लक्षात आहे. :)

नाडीपरीक्षा
डॉक्टर म्हणून लिहिते. वरच्या चर्चेत रेस्क्यू कोर्सचा उल्लेख एका ओळीत उरकला गेला, म्हणून जरा सविस्तर.

१९९४ साली स्विस नोंदींवरून काढलेला जगण्याचा आलेख प्रसिद्ध आहे. पूर्ण गाडलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोक पहिल्या १५ मिनिटांत काढले तर वाचत. २०२४ मध्ये त्याच देशाच्या १९८१ ते २०२० या काळातल्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, आणि ती १५ मिनिटं १० वर आली. तिसाव्या मिनिटाला हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास येतं. बाहेरची मदत, हेलिकॉप्टर वगैरे, १० मिनिटांत येत नाही. येणार तर शेजारचा माणूस.

आणि बीकनमुळे सगळं निभावतं असंही नाही. पश्चिम कॅनडातल्या मृत्यूंच्या अभ्यासात जवळपास चौथा हिस्सा मार लागून गेला होता, झाडांवर, खडकांवर आपटून. त्यांना ३ मिनिटांत शोधलं असतं तरी उपयोग नव्हता. म्हणून खाली काय आहे, हा प्रश्न उतार सुटेल का याच्याइतकाच मोठा.

सराव करताना लोक बीकनवर वेळ घालवतात आणि खणण्यावर नाही. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त मिनिटं खणण्यात जातात. प्रोब लागला की तो तसाच ठेवून, उताराच्या खालच्या अंगाने खणायला सुरुवात करायची, डोक्यावरून सरळ खाली नाही. माणसं जास्त असतील तर व्ही आकारात उभं राहून बर्फ मागे ढकलायचा आणि टोकाचा माणूस थोड्या थोड्या वेळाने बदलायचा. हे वाचून येत नाही. गच्च दबलेल्या बर्फात एकदा खणून बघा, मग बोलू.

उडती_तबकडी
डॉक्टरीणबाई, एअरबॅग (हँडल ओढलं की फुगणारी पाठपिशवी, बर्फात वर राहायला) घेतली तर हे खणणं टळेल ना? आमच्याकडे सगळे तेच म्हणतात.

नाडीपरीक्षा
काही वेळा टळतं, काही वेळा नाही. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात एअरबॅग फुगलेल्यांत मृत्यूचं प्रमाण ११ टक्के निघालं, न फुगलेल्यांत २२. म्हणजे निम्म्यावर आलं, हे चांगलंच. पण त्याच अभ्यासात पाचातल्या एकाची बॅग फुगलीच नव्हती, आणि त्यातही मोठं कारण म्हणजे हँडल ओढलंच गेलं नाही. घ्यायची असेल तर घ्या, फक्त हँडल बाहेर काढून ठेवा आणि ओढायचा सराव करा. झाडी, कडा, ओहोळ असेल तिथे तिच्यावर हवाला ठेवू नका.

टिवल्या_बावल्या
अवांतर: बीकनजवळ फोन ठेवला तर काय होतं? मी नेहमी छातीच्या खिशात ठेवतो, फोटोसाठी हाताशी.

अनवट
बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतो आणि फोन, कॅमेरा, गरम होणारे हातमोजे, चुंबकाचं बटण असलेला खिसा, सगळे त्यात गोंधळ घालतात. चालताना किमान २० सेंटीमीटर लांब, शोधताना ५० सेंटीमीटर. छातीचा खिसा सोडा. फोन पॅंटच्या खिशात आणि शक्यतो विमान मोडवर.

हिमगौरी
आता खड्ड्यांचा विषय निघालाच आहे तर माझं वेगळं मत मांडते. लेव्हल २ म्हणजे पिट (थर तपासायचा खड्डा) खणणं, असा समज पसरलाय आणि लोक त्यावरून तिला नावं ठेवतात. पण पिट नीट शिकलं की हाताला खरंच काहीतरी कळतं.

उदाहरणार्थ ईसीटी (एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट). रॉन सायमनहॉइस आणि कार्ल बर्कलंड यांनी ती २००६ मध्ये मांडली. ९० सेंटीमीटर रुंद आणि मागे ३० सेंटीमीटर, असा बर्फाचा खांब मोकळा करायचा. एका टोकाला फावडं ठेवून मनगटातून १० टापा, कोपरातून १०, खांद्यातून १०. भेग पडली का, हा प्रश्न दुय्यम. पडलेली भेग त्याच टापेला किंवा लगेच पुढच्या टापेला दुसऱ्या टोकापर्यंत धावली का, ते बघायचं. धावली तर स्लॅब सुटायची तयारी आहे. तिथेच बर्फाचा कडकपणा हाताने तपासायचा: मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, सुरी. मूठ जाईल अशा थरावर पेन्सिलही जेमतेम जाईल असा थर बसला असेल, तर त्या दिवशी मला बाकी आकड्यांची फारशी गरज वाटत नाही. फार खोल थर असेल तर टापांचा जोर तिथवर पोचत नाही, मग पीएसटी (प्रोपगेशन सॉ टेस्ट), म्हणजे करवत घेऊन थर कापत जायचं आणि भेग स्वतःहून कधी पळते ते बघायचं.

डोंगरकाका
@हिमगौरी, कृती बिनचूक. निष्कर्षाशी भांडण आहे.

पिटमध्ये वाईट दिसलं तर परत फिरा, यात वाद नाही. पण पिटमध्ये चांगलं दिसलं म्हणून उतार घेतला, हे मी लोकांना करताना पाहिलंय आणि तिथे मला धडकी भरते. दहा पावलं बाजूला बर्फाची जाडी वेगळी, वारा वेगळा, खाली दगड वेगळे. एक खांब टिकला म्हणजे तो खांब टिकला. नकार द्यायला पिट वापरा, होकार मिळवायला नाही. मी तर सांगतो, खणायचंच तर सकाळी ठरवलेलं एखादं उत्तर पडताळायला खणा. 'बुलेटिनमध्ये सांगितलेला तो दबलेला सरफेस होअर (बर्फाच्या पृष्ठभागावर धरलेलं दहिवर) इथे आहे का?' प्रश्न न घेता खणलेला खड्डा म्हणजे नुसता व्यायाम.

हिमगौरी
काका, होकारासाठी वापरू नये हे मान्य. पण 'खणूच नका' असं ऐकून लोक आळशी होतात. बुलेटिन एका मोठ्या प्रदेशाचं असतं. काही डोंगररांगांना बुलेटिनच नाही. तिथे काय करायचं?

डोंगरकाका
तिथे जास्त लहान उतार घ्यायचे. :) खणा हो, मी कुठे नाही म्हणतोय.

शंकासुर
मला एक कळत नाही. एवढा थरांचा अभ्यास हौशी माणसाला कशाला? स्वित्झर्लंडच्या वेर्नर मुंटर यांनी १९९०च्या दशकातच सोपं करून ठेवलंय. धोका पातळी २ असेल तर ४० अंशांच्या आत, ३ असेल तर ३५ च्या आत, ४ असेल तर ३० च्या आत. उतार मोजा, विषय संपला. याला कोर्स लागतो?

अनवट
@शंकासुर, ही पद्धत चांगलीच आहे, आणि घाईगर्दीत किंवा नवख्यांसोबत मी तीच वापरतो. पण 'उतार मोजा' यात सगळं दडलंय. कुठला उतार? स्कीखालचा नाही. पातळी ३ ला अख्ख्या उतारातला सगळ्यात उभा भाग धरायचा. पातळी ४ ला तुमच्या वर जे लटकलंय तेसुद्धा. आणि नकाशावरच्या रंगीत उतारछटेत लहान उभे टप्पे पुसले जातात, नेमके तेच जिथून स्लॅब तुटते. शिवाय पातळी ही १ ते ५ अशी सरळ पायऱ्यांनी चढत नाही. ३ ऐकून माणसाला 'मधलं' वाटतं. स्वित्झर्लंडमधले निम्म्याच्या आसपास मृत्यू याच ३ च्या दिवसांत होतात.

नियम वापरायचा कसा आणि कधी तो पुरत नाही, हे कळण्यासाठीच तो कोर्स.

शंकासुर
बरं, हे पटलं. (नोंद घ्यावी, मी एखादी गोष्ट मान्य केली.)

पावडरपिसाट
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

सांजवेळ
इतका वेळ वाचत होते. माझा मुद्दा बर्फाचा नाही, माणसांचा आहे.

२०१२ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पासजवळच्या टनेल क्रीकमध्ये तिघं गेले. त्या ग्रुपात सगळे मुरलेले स्कीअर होते, काही तर त्या धंद्यातलेच. सोळा जणांच्या आसपास. कित्येकांच्या मनात शंका होती, आणि ती नंतर सांगितली गेली. त्या क्षणी कोणी बोललं नाही, कारण एवढी जाणती माणसं आहेत, कोणी ना कोणी विचार केला असेलच. आकडेमोड यांनी वर लिहिलेला 'त्याला कळतं ना' हा सापळा, फक्त इथे प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता.

आमच्याही एका ग्रुपात मी "हा उतार नको" म्हटलं तर हसून सोडून दिलं गेलं. "ताई, बुलेटिन ३ च आहे." त्या दिवशी काही झालं नाही, त्यामुळे कोणाला ते आठवतही नाही. मी त्या लोकांबरोबर पुन्हा गेले नाही.

लेव्हल २ मध्ये माझ्या प्रशिक्षिकेने एक सवय लावली. निघायच्या आधी प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने दोन गोष्टी बोलायच्या, आज मला काय खटकतंय आणि कुठे मी परत फिरेन. सगळ्यात नवख्याने आधी, सगळ्यात अनुभवी माणसाने शेवटी. आणि एकाचाही नकार म्हणजे नकार, कारण विचारायचं नाही. ऐकायला बाळबोध वाटतं. पण अनुभवी माणूस आधी बोलला की बाकीचे त्याच्याच वाक्याला शेपूट जोडतात. कोर्सच्या दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात गप्प मुलाने उताराच्या माथ्यावरचा वाऱ्याने आणलेल्या बर्फाचा भार सगळ्यात आधी दाखवला होता. तो शेवटी बोलला असता तर बोललाच नसता.

रानभूल
ताई, हे प्रिंट काढून गाडीत चिकटवतो.

आकडेमोड
@सांजवेळ, दंडवत. ग्रुपचा आकार पण बघा. तीन-चार माणसं असली की बोलणं होतं आणि एक अडकला तर खणायला हात उरतात. सात-आठ झाले की कोण कोणावर नजर ठेवतंय तेच कळत नाही.

पांढरी_वाट
इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. ग्रुपात हा धागा वाचून दाखवला. दोन्ही तट गप्प, हे आधी सांगतो.

ठरलं असं: आधी रेस्क्यू कोर्स, सगळ्यांनी एकत्र, कारण शोधणार आम्हीच एकमेकांना. लेव्हल २ पण करायचं, पण दोघांनी नाही, चौघांनीही. एकट्याने शिकून आलं की तोच 'त्याला कळतं ना' होऊन बसेल. सांजवेळ यांची सकाळची पद्धत परवापासूनच चालू करतोय.

आता कोर्स निवडायचाय. दोन-तीन पर्याय समोर आहेत. काय विचारून घ्यावं?

हिमगौरी
एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, हे पहिलं. सहापेक्षा जास्त असतील तर मी दुसरा शोधेन. दुसरं, किती वेळ प्रत्यक्ष फिरण्यात जातो आणि रोजची वाट कोण आखतं? प्रशिक्षक आखून देत असेल तर ती लेव्हल १ ची पुनरावृत्ती झाली. तुमच्याकडून आखून घेत असेल आणि संध्याकाळी ती फाडत असेल, तर तिथे जा.

फळीवाला
ग्रुपात स्प्लिटबोर्डवाले असतील तर आधीच कळवा, आणि प्रशिक्षकाला बोर्डचा अनुभव आहे का ते विचारा. शिवाय तब्येत. दिवसभर स्किन (घसरू नये म्हणून खाली चिकटवायची पट्टी) लावून चढायचं, मध्ये खणायचं, वर नोंदी लिहायच्या. दमलेला माणूस काही शिकत नाही, नुसता मान डोलावतो.

डोंगरकाका
कोर्सच्या आधीच्या महिन्यात त्या भागाचं बुलेटिन रोज वाचा आणि थोडक्यात लिहून ठेवा: कधी पडला, किती वारा, कधी थंडी. पहिल्या दिवशी पिटमध्ये जो थर दिसेल तो कुठल्या तारखेचा, हे तुम्हीच ओळखाल. आणि वहीसाठी पेन्सिल न्या, बॉलपेन थंडीत चालत नाही.

पावडरपिसाट
पेन्सिल दोन न्या. एक थरात खुपसायला लागते.